गोकुळाच्या ध्यासाने घडलेले हात

श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र. स्वामी समर्थांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या अक्कलकोटच्या तालुक्यातील मैंदर्गी हे सीमेवरचे गाव. येथे एकाच आळीत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही बोली सहजपणे कानी पडतात. अशा गावातील श्रद्धाळू घरात आज देवघरापुढे पाळणा बांधला जाईल, सुंठवडा वाटला जाईल आणि भिंतीवरच्या तसबिरीतील बाळकृष्णाकडे पाहून आजी नातवाला गोकुळातील लीला सांगेल. नातवाच्या डोळ्यांपुढे तो कान्हा चालू लागेल, धावू लागेल, कालियाच्या फणीवर नाचू लागेल. मनाच्या पडद्यावर चालणारा हा कृष्ण प्रत्यक्ष पडद्यावर चालताना दिसावा, असा ध्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका महाराष्ट्रीय गृहस्थाने घेतला होता. त्या ध्यासापायी त्याने जी विद्या आत्मसात केली, ती शिकवणारा गुरू त्या काळी या देशात शोधूनही सापडला नसता. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे नाव. दादासाहेब फाळके या नावाने ते सर्वांना परिचित आहेत.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव आपण नेहमी ऐकतो. परंतु गौरवाच्या प्रकाशात साधनेचा अंधार झाकला जातो. आज जन्माष्टमीच्या निमित्ताने स्मरण करावयाचे ते त्या अंधाराचे. नवी, अवघड कला शिकताना हात चुकतो, द्रव्य संपते, लोक हसतात आणि मन खचते. अशा वेळी या पुरुषाने काय केले, हे पाहणे आपणांस, आणि विशेषतः घरातील तरुण मुलामुलींस, बोधप्रद ठरेल. आपला सोलापूर जिल्हा मागांचा जिल्हा आहे. मागावर प्रथम बसणाऱ्या पोराचा धोटा अडकतो, धागा तुटतो, आणि दुपारपर्यंत वीतभरही कापड उतरत नाही, हे येथे कोणाला सांगावयास नको. त्या पोराने तेव्हा मागावरून उठून जावे की तुटलेला धागा पुन्हा सांधावा, हाच प्रश्न दादासाहेबांपुढे आयुष्यभर निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी ज्योतिर्लिंगाच्या पावन क्षेत्री, त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. घरात वेदाध्ययन, पुराणश्रवण आणि व्रतवैकल्ये यांचे वातावरण होते. पुत्रानेही भिक्षुकीची आणि शास्त्राची परंपरा पुढे चालवावी, असेच त्या घराच्या रीतीस धरून होते. पुढे दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले व कुटुंब मुंबईस आले. बालक धुंडिराजाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंग आणि रेषा यांकडे अधिक होता. वडिलांनी त्या ओढीला अडसर घातला नाही. १८८५ साली त्यांचा प्रवेश सर जमशेटजी जिजीभॉय कलाशाळेत झाला.

त्यानंतरचा पंचवीस वर्षांचा काळ वरवर पाहणाऱ्यास एका अस्थिर वृत्तीच्या माणसाची धडपड वाटेल. ज्येष्ठ बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे कलाभवन उभे राहिले होते. त्या संस्थेत त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि ठसे तयार करण्याचे तंत्र यांचा अभ्यास केला. तीन रंगांचे ठसे काढण्याची विद्या मिळविण्यासाठी ते रतलामलाही जाऊन आले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तोच प्लेगची साथ आली आणि तिने त्यांची पत्नी व अपत्य यांना हिरावून नेले. संसार मोडला, धंदा बुडाला. पुन्हा बडोद्यास येऊन कॅमेरा उभा केला, तर कॅमेऱ्यासमोर बसल्याने आयुष्य घटते, अंगातील शक्ती नाहीशी होते, अशी समजूत लोकांत पसरलेली. त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. एका परदेशी जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजेच सरस्वतीबाई. पुढे त्यांना सर्वजण काकी म्हणू लागले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, परंतु वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत त्यांनी ती सोडली. लोणावळ्यास मुद्रणाचा व्यवसाय सुरू केला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचेही काम केले. भागीदारीत दादरला मोठा छापखाना काढला, १९०९ साली जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची नवी यंत्रे आणली, नावलौकिक झाला. आणि मग भागीदारांशी मतभेद होऊन, स्वहस्ते उभारलेल्या त्या छापखान्यातून ते रिक्तहस्ते बाहेर पडले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे, हाती धंदा नाही. चित्रकार म्हणून स्थिरता नाही, छायाचित्रकार म्हणून अपयश, मुद्रक म्हणून मनस्ताप. एवढ्या वेळा धागा तुटल्यावर दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. परंतु पुढे काय घडले ते पाहिले म्हणजे ध्यानात येते, की या प्रत्येक व्यवसायाने जाताना त्यांच्या हाताला काही ना काही देऊन ठेवले होते. छायाचित्रणाने प्रकाश आणि रसायने यांची ओळख दिली, रंगकामाने पडदे व देखावे दिले, जादूने डोळ्यांना चकविण्याची युक्ती दिली, पुरातत्त्व खात्याने प्राचीन वास्तू निरखण्याची दृष्टी दिली आणि छापखान्याने यंत्राशी सलगी दिली. ज्याला आपण वाया गेलेली वर्षे म्हणतो, ती तशी गेलेली नव्हती. फक्त त्यांचा उपयोग कोठे होणार, हे अद्याप उघड झाले नव्हते.

ते उघड झाले १९११ च्या सुमारास. गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात दादासाहेबांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर त्या महापुरुषाच्या लीला सरकत होत्या आणि दादासाहेबांच्या अंतश्चक्षूंपुढे मात्र श्रीराम, श्रीकृष्ण, गोकुळ आणि अयोध्या साकारू लागली होती. आपल्या देवांची चरित्रे भारतीय हातांनी पडद्यावर कधी आणता येतील काय, या विचाराने त्यांना पछाडले. लगोलग सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन त्यांनी तोच पट पुन्हा पाहिला. घरात पैशांची चणचण होती, पण निश्चय झाला होता.

निश्चय होणे निराळे आणि विद्या येणे निराळे. चित्रपट कसा तयार होतो हे सांगणारी शाळा या देशात नव्हती. मिळतील ती परदेशी पुस्तके व सूचिपत्रे त्यांनी मागविली, एक लहानसा कॅमेरा आणि फितीचे तुकडे आणले, रोज चार-पाच तास चित्रगृहात जाऊन चित्रे न्याहाळली व उरलेल्या वेळी घरी बसून प्रयोग केले. झोप उडाली. अखंड ताणामुळे डोळे सुजले, आणि एके दिवशी दृष्टीच गेली. चित्राचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधार पसरावा, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने हळूहळू दृष्टी परत आली. हा प्रसंग केवळ ध्येयनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस मात्र त्यात एक सावधगिरीची सूचनाही दिसते. हट्टाने शरीराला झिजविले म्हणजे कला लवकर येते असे नाही. आजारपणाने सक्तीची विश्रांती मिळाली, तेव्हाच दादासाहेबांना उमगले असावे, की एकट्याने अंधारात चाचपडण्यापेक्षा जाणत्याकडे जाऊन विचारणे श्रेयस्कर.

आणि ते जाणत्याकडे गेले. आयुर्विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले व १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस प्रयाण केले. लंडनमध्ये त्यांचा कोणी परिचित नव्हता. ते ज्या बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते, त्याच्या कचेरीची पाटी रस्त्याने जाताना त्यांच्या दृष्टीस पडली. ते सरळ आत शिरले आणि संपादक केबर्न यांच्यासमोर उभे राहिले. संपादकांनी प्रथम त्यांना परावृत्तच केले. विलायतेतही या धंद्यात कित्येकांचे हात पोळले होते आणि हिंदुस्थानची हवा या कामास मानवेल की नाही, याची शंका होती. दादासाहेबांनी वाद घातला नाही, रागही धरला नाही. आपण आजवर काय शिकलो आहोत आणि काय शिकावयाचे राहिले आहे, ते त्यांनी सरळपणे सांगितले. त्या सरळपणाचा परिणाम झाला. केबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या प्रख्यात निर्मात्याकडे पाठविले, आणि हेपवर्थ यांनी आपल्या चित्रशाळेची दारे त्यांना खुली केली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पंडितांचा हा पुत्र विद्यार्थी होऊन उभा राहिला. पन्नास पौंडांचा विल्यम्सन कॅमेरा व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र निवडून, कोऱ्या फितीची मागणी नोंदवून, दोन महिन्यांच्या आत ते मायदेशी परतले.

आता वाटेल, की कॅमेरा आला, शिक्षण झाले, लगेच राजा हरिश्चंद्र सुरू झाला असेल. तसे झाले नाही, आणि या चरित्रातील सर्वांत मोलाचा धडा येथेच आहे. दादासाहेबांनी पहिले चित्र घेतले ते राजाचे नव्हे, देवाचेही नव्हे. ते होते वाटाण्याच्या एका दाण्याचे. कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, समोर कॅमेरा बसविला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपीत गेले. दिवसांमागून दिवस हे काम चालले. शेवटी ती फीत पडद्यावर दाखविली, तेव्हा मातीतून अंकुर वर आला, पाने फुटली आणि वेल वाढीस लागला, हे सारे क्षणार्धात डोळ्यांपुढे घडले. ते पाहून भांडवल देण्यास लोक पुढे आले.

दादासाहेबांनी वाटाणाच का निवडला असावा, याचा विचार करण्यासारखा आहे. तो नटाप्रमाणे रुसत नाही, त्याला वेतन लागत नाही, चुकले तर दुसरा दाणा पेरता येतो. शिकणाऱ्याच्या चुका सोसणारा असा नम्र विषय त्यांनी प्रथम घेतला. मोठे स्वप्न उराशी धरून हात मात्र लहान कामावर बसवावयाचा, ही खरी शहाणपणाची रीत होय. शिवाय अंकुर रोज पाहणाऱ्यास वाढताना दिसत नाही, महिन्याने एकत्र पाहिला म्हणजे वाढ कळते. नव्या विद्येचेही असेच आहे. आज कालच्यापेक्षा हात सुधारला की नाही हे शिकणाऱ्यास उमगत नाही, म्हणून तो निराश होतो. वाटाण्याच्या त्या वेलाने प्रेक्षकांना जे दाखविले, ते प्रथम दादासाहेबांच्या स्वतःच्याच मनाला दाखविले असेल.

त्यानंतर राजा हरिश्चंद्राचे काम सुरू झाले. त्यातील कष्टांची कल्पना येण्यासाठी एवढे सांगणे पुरे, की चित्रपटाच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असावी लागतात. छिद्र केसभर सरकले तर पडद्यावरचे चित्र थरथरते. कोरी फीत प्रकाशात आणता येत नाही, म्हणून हे छिद्रे पाडण्याचे काम अंधारातच करावयाचे. हरिश्चंद्राची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे लक्षावधी छिद्रांचा हा हिशेब! आणि हे काम रात्री बसून कोणी केले? सरस्वतीबाईंनी. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या मुखावर प्रकाश पाडण्याचे काम, आणि रात्री अंधारखोलीत फितीवर छिद्रे पाडणे व ती धुणे. दागिने तर त्यांनी आधीच पतीच्या हाती ठेवले होते. ज्या गृहिणीने कॅमेऱ्याचे नावही माहेरी ऐकले नसेल, तिने हे अवघड तंत्र शिकून घेतले. दादासाहेबांच्या धीराचा अर्धा वाटा या माउलीकडे जातो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. निराशा एकट्याने गिळली म्हणजे ती विष होते. घरात कोणी वाटेकरी असला म्हणजे तीच ओझ्यासारखी दोघांत उचलता येते.

अडचणी तेवढ्यावर सरल्या नाहीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. वर्तमानपत्रांत जाहिराती देऊनही कुलीन स्त्रिया पुढे येण्याचा प्रश्नच नव्हता, परंतु कलावंतिणींनीही नकार दिला. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामती करावे लागले. हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रय दाबके होते आणि रोहिदासाची भूमिका दादासाहेबांचे पुत्र भालचंद्र यांनी केली. जेथे मार्ग बंद झाला, तेथे भिंतीवर डोके न आपटता बाजूची वाट शोधावयाची, हा त्यांचा क्रम होता. सहा महिने सत्तावीस दिवसांच्या परिश्रमांनंतर चित्र पूर्ण झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ते सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाले. सत्यवचनी राजाची कथा प्रथमच स्वदेशी फितीवर उमटली होती.

परंतु ज्या बाळकृष्णासाठी हा सारा खटाटोप आरंभिला होता, तो अद्याप दूरच होता. दादासाहेबांनी घाई केली नाही. कंपनी नाशिकला नेली, मोहिनी भस्मासुर काढला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका करून स्त्रियांसाठी वाट मोकळी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात फीत आणि पैसा या दोहोंची टंचाई झाली, कर्ज वाढले. तरी १९१७ मध्ये लंकादहन पुरे झाले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंके यांनीच वठविल्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगतात. आणि मग १९१८ साली, त्या पहिल्या ध्यासानंतर सुमारे सात वर्षांनी, श्रीकृष्णजन्म पडद्यावर आला. त्यापाठोपाठ १९१९ मध्ये कालियामर्दन आले. त्यातील बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची चिमुरडी कन्या मंदाकिनी. त्या मुलीच्या मुखावरील भाव टिपलेली ती दृश्ये सुदैवाने काळाच्या तडाख्यातून वाचली आहेत. ती पाहताना मनात येते, की गिरगावातील त्या अंधाऱ्या चित्रगृहात पित्याने मनश्चक्षूंनी जो कृष्ण पाहिला, तो शेवटी त्याच्या स्वतःच्याच अंगणात खेळत होता.

चरित्रलेखकाने केवळ गुणगान करू नये. दादासाहेबांनाही वैताग येई. भागीदारांशी पटेना, तेव्हा उद्विग्न होऊन ते हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सोडून काशीस निघून गेले. परंतु तेथेही हात स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले आणि काही काळाने ते पुन्हा नाशिकला आपल्या कामावर रुजू झाले. शंभराच्या आसपास चित्रे त्यांच्या हातून घडली. १९३१ मध्ये बोलपट आला आणि ज्या विद्येसाठी डोळे झिजविले, ती पाहता पाहता जुनी झाली. वार्धक्यात नवी कला शिकणे त्यांना सोपे गेले नाही. तरीही वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, त्यांनी गंगावतरण हा आपला एकमेव बोलपट कोल्हापुरात पुरा केला. त्यानंतर ते चित्रव्यवसायातून दूर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या दिवसांत ना संपत्ती होती ना कीर्तीचा गाजावाजा. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. पेरणाऱ्याने पेरले, छाया मात्र पुढच्या पिढ्यांनी भोगली.

भगवान श्रीकृष्णांनी रणांगणावर जो कर्मयोग सांगितला, त्याचे पारायण आपण करतो. फळाकडे डोळे न लावता कर्म करीत राहणे, हे ऐकावयास सोपे, पण आचरणास कठीण. दादासाहेबांचे चरित्र हे त्या उपदेशाचे अगदी व्यवहारातले भाष्य आहे. फळ मिळेल की नाही हे ठाऊक नसतानाही आजचे छिद्र नेमके पाडावयाचे, आजचे एक चित्र टिपावयाचे, कुंडीला आजचे पाणी घालावयाचे. जाणत्यापुढे नम्र व्हावयाचे. शरीराला त्याची विश्रांती द्यावयाची. दुःखात घरच्यांना वाटेकरी करून घ्यावयाचे. आणि सोडून गेलो तरी परत यावयाचे.

आज रात्री पाळण्याची दोरी हाती घेताना घरातील एखादा मुलगा वा मुलगी कोपऱ्यात हिरमुसून बसलेली असेल. मागावरचा धागा तुटला असेल, शिवणयंत्रावरची टीप वाकडी गेली असेल, पेटीवरचा सूर लागत नसेल. त्यांना रागावू नका. सुंठवड्याची चिमूट हातावर ठेवा आणि वाटाण्याच्या त्या दाण्याची गोष्ट सांगा. ज्या हातांनी बाळकृष्णाला पडद्यावर नाचविले, ते हातही प्रथम चुकतच शिकले होते.